आजीची हाडं आणि हरवलेल्या फ्रेम्स

वाचकांचे प्रश्न : ॲनिमेशनची तांत्रिक बाजू

डिप्लोमा फिल्म्सचा मोसम सुरू झाला की या सदराची टपाल पेटी एकाच विषयाने भरते. या वेळी जवळजवळ सगळी पत्रं विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठी कोड लिहिण्याबद्दलच आहेत, म्हणून तीच घेतली. एक विनंती आधीच करून ठेवते. प्रश्न पाठवताना सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा आणि एररचा मजकूर जसाच्या तसा द्या. मोबाईलवर तिरपा काढलेला स्क्रीनचा फोटो, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, एवढ्यावरून मला काहीही सांगता येत नाही.

प्रश्न : ताई, मी कराडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी शाळेतली मैत्रीण पुण्यात ॲनिमेशन शिकते. तिच्या गटात पाच जण आहेत. आजी आणि नातवाची सहा मिनिटांची थ्रीडी फिल्म ते पूर्ण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करताहेत. ती म्हणते, "तू आम्हाला पाईपलाईन लिहून दे." मला पायथॉन चांगलं येतं, पण ब्लेंडर मी उघडूनही पाहिलेलं नाही. मी एक आराखडा केलाय : वेब डॅशबोर्ड, डेटाबेस, प्रत्येकाला लॉगिन, शॉटची स्थिती दाखवणारा बोर्ड आणि मोबाईलवर नोटिफिकेशन. फिल्म एप्रिलमध्ये जमा करायची आहे. सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थिनी, कराड

उत्तर : डॅशबोर्डपासून तर नकोच. पाईपलाईन म्हणजे फाईली एकाकडून दुसऱ्याकडे आणि शेवटच्या चित्रापर्यंत नीट पोहोचवणारी व्यवस्था. पाच जण एका खोलीत बसतात. कोणाचा शॉट कुठे अडकलाय हे मान वळवली की कळतं. तरी तक्ता हवाच असेल तर गुगल शीट पुरते. तीही अपुरी वाटली तर किट्सू आहे. कोणता शॉट, कोणतं ॲसेट, कोणाकडे काय आहे, रिव्ह्यू कुठला राहिलाय हे सगळं त्यात येतं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि गाझू या पायथॉन लायब्ररीतून तुझ्या स्क्रिप्टला त्याच्याशी बोलताही येतं. तुझं लॉगिनचं पान सजून होईपर्यंत एप्रिल उजाडेल. नमनाला घडाभर तेल घालणारे प्रोग्रॅमर मी स्टुडिओतही पुष्कळ पाहिलेत. तिथे निदान तेलाचे पैसे निर्माता देतो.

आधी एका शनिवार-रविवारी पुण्याला जा. लॅपटॉप ने, पण उघडू नकोस. मैत्रिणीच्या मागे खुर्ची टाकून बस आणि शॉट उघडल्यापासून बंद करेपर्यंत ती काय काय करते ते वहीत लिही. फाईल कुठून घेतली? दुसऱ्याने बदललेलं पात्र पेन ड्राइव्हवर आलं की व्हॉट्सॲपवर? "थांब हं, हे दर वेळी असंच करावं लागतं," असं ती कुठे म्हणाली? त्या वाक्यापुढे खूण कर. तुझा कोड तिथे हवाय. कराडहून आराखडे पाठवत राहिलीस तर ते उंटावरून शेळ्या हाकणं होईल.

ब्लेंडर न उघडता मात्र भागणार नाही. टप्पे खाणारा एक चेंडू ॲनिमेट कर आणि त्याचा रेंडर (ब्लेंडरने तयार केलेली शेवटची चित्रं) काढ. तेवढ्याने तू ॲनिमेटर होणार नाहीस, पण एफ-कर्व्ह (वेळेनुसार हालचाल दाखवणारी रेघ) म्हणजे काय, आर्मेचर (पात्राच्या हाडांचा सांगाडा) म्हणजे काय, लिंक (मूळ फाईलशी जोडून ठेवणं) आणि अपेंड (प्रत आणणं) यांत फरक काय, हे हाताला कळेल. प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेसखाली 'डेव्हलपर एक्स्ट्राज' आणि 'पायथॉन टूलटिप्स' चालू करून ठेव. मग बटणावर माउस नेला की त्यामागची पायथॉनची आज्ञा दिसते. पायथॉन येणाऱ्या माणसाला ब्लेंडर शिकण्याचा इतका जवळचा रस्ता दुसरा नाही.

आता अशा फिल्मचा वेळ नेमका कुठे गळतो ते सांगते.

सगळ्यात आधी गुलाबी रंग. टेक्स्चरची (वस्तूवर चढवलेल्या चित्राची) फाईल सापडली नाही की ब्लेंडर ती वस्तू भडक गुलाबी दाखवतो. एकाच्या मशीनवर टेक्स्चर डी ड्राइव्हवर, दुसऱ्याकडे ई ड्राइव्हवर. ब्लेंड फाईलमध्ये पूर्ण पत्ता लिहिला गेला असेल तर दुसऱ्या मशीनवर आजीचं लुगडं गुलाबी होणारच. ब्लेंडरमध्ये दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता म्हणजे 'ही फाईल जिथे आहे तिथून मोजा'. सगळे पत्ते तसे करून टाकायची सोय फाईल मेनूत एक्स्टर्नल डेटाखाली आहे. पण सोय असली तरी माणूस विसरतो. म्हणून सेव्ह होण्याआधी आपोआप चालणारा छोटा हँडलर लिही. ही फाईल बाहेरच्या कोणकोणत्या फाईलींवर अवलंबून आहे त्याची यादी ब्लेंडर स्वतःच देतो. त्यातला एखादा पत्ता प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर जात असेल तर ठळक अक्षरात सांगायचं. अडवायचं नाही, फक्त सांगायचं. रात्री दोन वाजता सेव्ह होऊ न देणाऱ्या टूलला ॲनिमेटर आधी शिव्या घालतो आणि मग ते उपटून फेकतो.

यापेक्षा महाग पडणारी भानगड रिगमध्ये, म्हणजे पात्र हलवण्यासाठी त्यात घातलेल्या सांगाड्यात, असते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते तुझ्या हातून होणारं सगळ्यात मोलाचं काम इथेच आहे.

आजीचं पात्र एका फाईलमध्ये असतं आणि ती फाईल तीस-चाळीस शॉट्समध्ये लिंक केलेली असते. हे चांगलंच आहे. आजीच्या चष्म्याची काडी एकदा नीट केली की सगळ्या शॉट्समध्ये नीट होते. ॲनिमेटर आपल्या शॉटमध्ये त्या पात्रावर लायब्ररी ओव्हरराइड (लिंक केलेल्या पात्रात आपल्या शॉटपुरते बदल करायची सोय) घेतो आणि हाडं हलवतो. ती हालचाल साठते हाडाच्या नावावर. आता रिग करणारी मुलगी टापटिपीची. 'बोन डॉट ०१७' हे काय नाव झालं, म्हणून ती एके दिवशी त्याचं 'एल्बो डॉट एल' करते. तिच्या फाईलमध्ये सगळं ठीक चालतं, कारण त्याच फाईलमधले संदर्भ ब्लेंडर स्वतः सुधारून घेतो. शॉटच्या फाईलींना मात्र या बारशाचं आमंत्रणच नसतं. तिथली एफ-कर्व्ह अजून 'बोन डॉट ०१७'ला शोधत असते. ते सापडत नाही. एररची खिडकी वर येत नाही. डोप शीटमध्ये (हालचालींच्या वेळापत्रकाच्या खिडकीत) त्या ओळीखाली एक लाल रेघ तेवढी दिसते, आणि ती बघायला कोण बसलंय? कळतं थेट रेंडर बघताना : आजी जात्यावर दळतेय, उजवा हात फिरतोय आणि डावा कोपर काठीसारखा ताठ.

यावर उपाय सोपा आहे. आजीच्या दोन फाईली ठेवायच्या. एक कामाची, तिच्यात रिगर हवा तो गोंधळ घालेल. दुसरी पब्लिश केलेली. शॉट्स फक्त हिलाच लिंक होतील, आणि हिच्या नावात आवृत्तीचा आकडा कधीच नसेल. जुन्या आवृत्त्या शेजारच्या फोल्डरमध्ये आकड्यांनिशी जपायच्या. कामाच्या फाईलमधून पब्लिश फाईल तयार करणारं एक बटण तू द्यायचंस. ते बटण दाबलं की कोडने आर्मेचरमधल्या सगळ्या हाडांची नावं गोळा करायची, मागच्या पब्लिशच्या वेळी लिहून ठेवलेल्या यादीशी ताडून पाहायची आणि जुनं एखादं नाव गायब असेल तर ते छापून थांबायचं. नवीन हाडं आली तर हरकत नाही. जुनं गेलं तर पब्लिश होणार नाही. मघाशी म्हटलं अडवू नकोस, इथे मात्र अडव. चाळीस-पन्नास ओळींचा कोड आहे, पण असं एक बटण ॲनिमेटरचे आठवडे वाचवतं. तुझ्या डॅशबोर्डने कोणाचा तासही वाचला नसता.

मग येतो रेंडर. इथे हिशेब कागदावर मांड. सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम्स, एकूण ८,६४०. एका फ्रेमला दहा मिनिटं लागली तर १,४४० तास, म्हणजे एक मशीन अखंड ६० दिवस. कॉलेजच्या लॅबमधली २० मशीन्स रोज रात्री १२ तास मिळाली तर सहा रात्री. हा हिशेब डिसेंबरमध्ये भिंतीवर लावला की दिग्दर्शकाला धुकं, काच आणि ओलं गवत यांचा मोह आपोआप आवरतो. फ्रेमचा वेळ दहा मिनिटांवरून चारवर आणणं हे कितीही शहाण्या रेंडर मॅनेजरपेक्षा मोठं काम आहे. सायकल्सऐवजी ईव्हीमध्ये (ही ब्लेंडरची दोन रेंडर इंजिनं, ईव्ही वेगवान) फिल्म शोभते का, हे एकदा प्रामाणिकपणे करून बघा. २०२५ साली ऑस्कर मिळवणारा लाटवियाचा 'फ्लो' ब्लेंडरमध्ये, ईव्हीवर झालाय आणि त्याच्या दिग्दर्शकाने शेवटचा रेंडर स्वतःच्याच पीसीवर काढलाय.

फार्म, म्हणजे मिळून रेंडर करणारी अनेक मशीन्स, लागलाच तरी पहिला फार्म कोडशिवाय होतो. आउटपुटच्या टॅबमध्ये 'ओव्हरराइट'ची खूण काढायची, 'प्लेसहोल्डर्स'ची लावायची, आणि सगळ्या मशीन्सवर तीच फाईल, तोच शेअर्ड फोल्डर देऊन रेंडर सुरू करायचा. प्रत्येक मशीन पुढची मोकळी फ्रेम पाहतं, तिथे रिकामी फाईल ठेवून जागा अडवतं आणि ती फ्रेम काढायला घेतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. व्हिडिओ फाईल मात्र थेट काढायची नाही. पीएनजी किंवा ईएक्सआर अशा सुट्या फ्रेम्सच काढायच्या, म्हणजे वीज गेली तरी झालेलं काम शिल्लक राहतं. कापडाचं, केसांचं सिम्युलेशन असेल तर ते आधी बेक करून (निकाल फाईलीत साठवून) ठेवायचं, नाहीतर मधल्याच फ्रेमपासून सुरू करणाऱ्या मशीनला पदर कुठे होता हे माहीतच नसतं.

आणि आता इथे तुझं काम. रात्री मशीन बंद पडलं की त्याने अडवून ठेवलेली रिकामी फाईल तशीच पडून राहते. ओव्हरराइट बंद असल्यामुळे बाकीची मशीन्स तिला 'झालेली' समजून पुढे जातात. सकाळी फोल्डरमध्ये फाईली पूर्ण दिसतात आणि एडिटमध्ये काळे ठिपके. म्हणून हजेरी घेणारी स्क्रिप्ट लिही. शॉट ०४० ला १००१ ते १०९६ फ्रेम्स हव्यात. कोणत्या नाहीतच, कोणत्या शून्य बाइटच्या आहेत आणि कोणत्या शेजारच्यांच्या मानाने संशयास्पद लहान आहेत, हे तिने छापायचं. सकाळी चहाच्या आधी सगळ्या शॉट्सची यादी हातात पडली की तू त्या गटाची लाडकी झालीस म्हणून समज. पुढे रांग लावणं, प्राधान्य ठरवणं असं काही हवं झालं तर ब्लेंडर स्टुडिओचं फ्लेमेंको आयतं आहे. तुझं स्वतःचं लिहायला बसू नकोस.

कमांड लाइनवरून रेंडर चालवशील तेव्हा लक्षात ठेव, ब्लेंडर आज्ञा डावीकडून उजवीकडे, एकेक करून पाळतो. 'सगळ्या फ्रेम्स काढ' हे सांगणारा 'ए' आउटपुटच्या पत्त्याआधी लिहिलास तर रेंडर आधी होतो आणि पत्ता नंतर वाचला जातो. फ्रेम्स भलत्याच फोल्डरमध्ये सापडतात.

लॅबचं राजकारण तुझ्या मैत्रिणीने सांभाळायचं. रात्री लॅब उघडी ठेवायला विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज लागेल, लॅब असिस्टंटशी गोडीत राहावं लागेल, एसी बंद होतो का ते विचारावं लागेल. पण दोन गोष्टी तूच तपास. रीस्टार्ट झालं की मशीन पुन्हा पहिल्यासारखं करून टाकणारं सॉफ्टवेअर पुष्कळ कॉलेजांत असतं. तसं असेल तर ब्लेंडर रोज नव्याने कॉपी करणारी बॅच फाईल लागेल. आणि विंडोज अपडेट रात्री तीनला मशीन रीस्टार्ट तर करत नाही ना?

ब्लेंडरची आवृत्ती पहिल्या दिवशी ठरवा, एलटीएस घ्या आणि फिल्म जमा होईपर्यंत हलू नका. अशा आवृत्तीला दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात, डिप्लोमाला तेवढं पुष्कळ झालं. फेब्रुवारी संपला की तूही नवीन काही लिहू नकोस. मार्चमध्ये त्यांची रात्र थोडी आणि सोंगं फार अशी गत असते. तेव्हा त्यांना नवं बटण नको असतं, जुनं चालू राहायला हवं असतं.

फोल्डरची रचना कशी करावी याचा नमुना हवा असेल तर ब्लेंडरचे मुक्त चित्रपट बघ. २००६ सालच्या 'एलिफंट्स ड्रीम'पासून त्यांच्या निर्मितीच्या फाईलीसुद्धा लोकांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्या चित्रपटासाठी कलाकार आणि प्रोग्रॅमर ॲमस्टरडॅमला एका छताखाली बसले, आणि नोड जोडून कंपोझिटिंग (चित्राचे थर एकत्र करणं) करायची सोय त्या कामाच्या गरजेतूनच ब्लेंडरमध्ये आली. २००८च्या 'बिग बक बनी'ला केसाळ ससा हवा होता, तर केसांवर काम झालं. गरज आधी, कोड नंतर, हा क्रम तिथे फार नीट दिसतो.

प्रश्न : आमची फिल्म कोकणातली आहे आणि सगळा गट मराठी. फोल्डर आणि फाईलींची नावं मराठीतच ठेवायची असं आम्ही ठरवलंय. तांत्रिक अडचण येईल का? आमचा कोडवाला मित्र उगाच नाक मुरडतोय.
— विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : मित्र उगाच नाक मुरडत नाहीये. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण डिस्कवर तो मिरवू नका.

नमुना देते. एका गटाने सह्याद्रीच्या पार्श्वभूमीचं फोल्डर केलं, नाव 'दऱ्या'. थोड्याच दिवसांत तिथे 'दऱ्या' नावाची दोन फोल्डरं, शेजारी शेजारी, दिसायला अगदी डिट्टो. अर्धी चित्रं एकात, अर्धी दुसऱ्यात आणि स्क्रिप्टला कायम एकच सापडणार. कारण त्या 'ऱ्या'मध्ये आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड कोणती तऱ्हा उमटवतो हे टाइप करणाऱ्याला कळतही नाही. डोळ्यांना एकच शब्द, मशीनला दोन. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. याशिवाय झिप करताना नावांची प्रश्नचिन्हं होणं वगैरे किरकोळ छळ आहेतच.

तेव्हा डिस्कवर छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, बस. मोकळी जागा नको. मोठी आणि छोटी अक्षरं मिसळायची नाहीत, कारण विंडोजला ती सारखीच वाटतात आणि लिनक्सला वेगळी. फोल्डरात फोल्डर किती घालायचे यालाही मर्यादा ठेवा, विंडोजवर २६० अक्षरांच्या पुढचा पत्ता अजूनही अनेक ठिकाणी अडतो. मराठी नावासाठी शीटमध्ये वेगळा रकाना करा आणि तुमच्या टूलच्या पॅनेलवर तेच नाव दाखवा. बटणांवर खुशाल 'पाठव', 'हजेरी घे', 'रिग तपास' असं लिहा. तिथे काही बिघडत नाही, आणि वापरणाऱ्याला बरंही वाटतं.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. मित्राच्या ॲनिमेशन फिल्मसाठी रात्र रात्र जागून कोड लिहितो. त्याचे पैसे नाहीत, मार्क नाहीत. विचारलं तर म्हणतो, "अनुभव मिळतो." हा अनुभव पुढे नोकरीत धरतात का, की हे नुसते भिकेचे डोहाळे?
— एक वडील, नाशिक

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. धरतात, पण 'अनुभव' या शब्दाला कोणी धरत नाही. मी मुलाखती घेते तेव्हा विचारते : तुझं टूल कोण वापरत होतं? ते ऐन वेळी मोडलं तेव्हा काय केलंस? ज्याने खरोखर पाच जणांच्या शिव्या खाऊन टूल सुधारलंय तो मुलगा पंधरा मिनिटं सलग बोलतो. ज्याने नुसता ऑनलाइन कोर्स केलाय तो दुसऱ्या वाक्याला थांबतो.

मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, चेन्नईच्या स्टुडिओंत या कामाला पाईपलाईन टीडी (टेक्निकल डायरेक्टर) म्हणतात. पायथॉन, लिनक्स आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) यांवर हे काम चालतं. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रांपेक्षा कमी असू शकतो आणि काम प्रोजेक्टवर अवलंबून असतं, हेही तुम्हाला आधीच सांगून ठेवलेलं बरं. एक जमेची बाजू अशी, की या धंद्यातली बरीच पायाभूत साधनं खुली आहेत. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने ओपनईएक्सआर (चित्रांचं फाईल-स्वरूप) २००३ मध्ये खुलं केलं, पिक्सारने यूएसडी (थ्रीडी दृश्यांचं स्वरूप) २०१६ मध्ये. ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीने लिनक्स फाउंडेशनबरोबर २०१८ मध्ये ॲकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, आणि अशा अनेक प्रकल्पांची देखभाल आता तिथे होते. मित्राच्या फिल्मवर सापडलेला बग तुमच्या मुलाने अशा एखाद्या प्रकल्पाला नीट लिहून कळवला, त्यावर दुरुस्ती पाठवली, तर ते जगाला दिसतं. गुगल समर ऑफ कोडमध्ये ब्लेंडर २००५ पासून अनेकदा सहभागी झालंय, आणि तिथे निवड झाली तर मानधनही मिळतं.

दोन गोष्टी मुलाकडून आत्ताच करून घ्या. फिल्मच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव कोणत्या पदाने येणार हे दिग्दर्शकाकडून लेखी घ्यायला सांगा. मेल चालेल. दोस्तीत असं लिहून कसं मागायचं, असं तो म्हणेल. मागायचं. दुसरं, कोड कोणाचा हे ठरवायचं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकरीत नसताना स्वतः लिहिलेला कोड लिहिणाऱ्याचा असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. कोड ब्लेंडरचा एपीआय (कोडमधून ब्लेंडर चालवायची सोय) वापरत असेल आणि तो जाहीर वाटायचा असेल तर परवाना ब्लेंडरच्या जीपीएल या मुक्त परवान्याशी जुळणारा लागतो. फिल्म मात्र करणाऱ्यांचीच राहते, तिला जीपीएल लागू होत नाही. डिप्लोमा फिल्मवर कॉलेजचा हक्क किती, हे प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदांत असतं. ते मित्राने एकदा वाचावं.

आणि हो, एटीकेटी लागायला लागली तर कान धरा. फिल्म दरवर्षी कोणाची ना कोणाची असतेच.

प्रश्न : आमच्या फिल्मची सगळी टूल्स एका मित्राने लिहिली. त्याला बंगळूरला नोकरी लागली. आता सिनियरच्या मशीनवर पब्लिशचं बटण दाबलं की फक्त एक लांबलचक एरर येते. तो फोन उचलतो, पण "शनिवारी बघतो" म्हणतो. शनिवार काही येत नाही.
— दिग्दर्शिका, कोल्हापूर

उत्तर : त्याला शनिवार मागू नका, एक तास मागा, आणि त्या तासात दुरुस्ती करायला सांगू नका. स्क्रीन शेअर करून त्याने फक्त दाखवावं : कोड कुठे आहे, ताजी प्रत कोणती, त्याच्या मशीनवर कोणत्या गोष्टी आधीपासून बसवलेल्या होत्या. तुमच्यातल्या एकीने ते मराठीत, पायरी पायरीने लिहून घ्यावं आणि त्याच कॉलवर दुसऱ्या मशीनवर करून बघावं.

एररची शेवटची ओळ आधी वाचा. मॉड्यूल सापडलं नाही असं असेल, तर त्याने ब्लेंडरसोबत येणाऱ्या पायथॉनमध्ये काहीतरी जादा बसवलं होतं आणि ते तुमच्याकडे नाही. पत्ता सापडला नाही असं असेल, तर कोडमध्ये कुठेतरी त्याच्याच लॅपटॉपवरचं युजरनेम लिहिलेलं असणार. शोधा, सापडेल. माझ्या अंदाजाने यातलं दुसरं कारणच निघेल.

तासही मिळाला नाही तर टूल सोडून द्या. पब्लिशची कामं हाताने करायची यादी बनवा आणि भिंतीवर चिकटवा. उरलेल्या शॉट्सना ती पुरते. पुढच्या वेळी मात्र कोड पहिल्या दिवसापासून सगळ्यांना उघडता येईल अशा रिपॉझिटरीत (कोडच्या सामाईक कोठारात) हवा. फक्त ब्लेंड फाईली साध्या गिटमध्ये कोंबू नका. त्या बायनरी असतात, दोघांनी केलेले बदल एकत्र करता येत नाहीत आणि रिपॉझिटरी फुगते. त्यांच्यासाठी गिट एलएफएस (मोठ्या फाईलींसाठी गिटची जोड) किंवा एसव्हीएन (आवृत्त्या सांभाळणारं दुसरं साधन) वापरा आणि फाईल हातात घेताना लॉक करा.

प्रश्न : हल्ली एआयला सांगितलं की ब्लेंडरची स्क्रिप्ट लगेच मिळते. मग कोडवाल्याची गरज काय? आमच्या गटात कोणालाच पायथॉन येत नाही.
— विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : छोट्या कामाला वापरा, मीही वापरते. पण ब्लेंडरचा एपीआय आवृत्तीगणिक बदलतो. २.८० मध्ये तर पुष्कळच बदललं, ४.१ मध्ये जुनं ऑटो स्मूथ (पृष्ठभाग गुळगुळीत दाखवायची सोय) गेलं. एआय दहा वर्षांतले तुकडे एकत्र शिवून देतो. म्हणून विचारताना तुमची आवृत्ती सांगा, आणि मिळालेलं आधी मूळ फाईलच्या प्रतीवर चालवा.

नावं बदलणारी, फाईली हलवणारी किंवा पुसणारी स्क्रिप्ट असेल तर तिला आधी फक्त यादी छापायला लावा. 'या या फाईली मी पुसणार आहे' एवढंच. ती यादी दोघांनी वाचायची. मगच खरं चालवायचं, आणि त्या वेळी बॅकअपची हार्ड डिस्क मशीनला जोडलेली नको.